पुराचा जाब विचारणारा रसायनशास्त्रज्ञ

१९२२ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या अप्पर सर्क्युलर रोडवरील सायन्स कॉलेजच्या इमारतीचे रूप पार पालटून गेले होते. ज्या व्हरांड्यांतून एरवी रसायनांचा दर्प येत असे, तेथे जुन्या कपड्यांचे गठ्ठे येऊन पडत होते. विद्यार्थी परीक्षानळ्या बाजूला ठेवून पावत्या फाडत होते, पत्रांना उत्तरे लिहीत होते, उत्तर बंगालकडे निघणाऱ्या मालाची मोजदाद करीत होते. या साऱ्या धांदलीच्या मध्यभागी एक कृश, दाढीधारी, साध्या खादीच्या कपड्यांतला एकसष्ट वर्षांचा गृहस्थ वावरत होता. सरकारने त्यांना तीन वर्षांपूर्वी सर हा किताब दिला होता आणि त्याच सरकारच्या पूरनिवारणाच्या कारभारावर ते आता उघडपणे टीका करीत होते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची ओळख शालेय पाठ्यपुस्तकांनी रसायनशास्त्रज्ञ आणि बेंगॉल केमिकलचे संस्थापक अशी करून दिली आहे. पुराचा जाब मागणारे प्रफुल्लचंद्र मात्र त्या ओळखीत सहसा सापडत नाहीत.

त्यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ चा, खुलना जिल्ह्यातील राडुली या गावचा. वडील हरिश्चंद्र हे जमीनदार असले तरी ग्रंथप्रेमी आणि सुधारणावादी होते. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी कुटुंब कलकत्त्याला आणले. वयाच्या तेराव्या वर्षी प्रफुल्लचंद्रांना आमांशाचा असा विकार जडला की शाळा सोडावी लागली आणि सुमारे दोन वर्षे वडिलांच्या ग्रंथसंग्रहातच गेली. पोटाचे दुखणे आणि निद्रानाश यांनी पुढे आयुष्यभर त्यांची पाठ सोडली नाही. वाचनानेही सोडली नाही. विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकत असताना गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते १८८२ मध्ये एडिंबरोला गेले. तेथे क्रम ब्राऊन यांच्या हाताखाली रसायनशास्त्राचा अभ्यास चालू असतानाच विद्यापीठाने जाहीर केलेल्या एका निबंधस्पर्धेत त्यांनी भाग घेतला. विषय होता १८५७ च्या उठावापूर्वीचा आणि नंतरचा हिंदुस्थान. पारितोषिक काही मिळाले नाही. ब्रिटिश राज्यकारभारावर त्यात इतके बोचरे टीकास्त्र सोडलेले होते की ते मिळाले असते तरच नवल. पण प्रयोगशाळेत वजने करणारा हा तरुण जमाखर्चाच्या आकड्यांतून राज्यकर्त्यांचे वर्तनही तोलू पाहतो, हे त्या निबंधात दिसून गेले होते.

१८८७ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतल्यावर त्यांच्या वाट्याला आली ती प्रेसिडेन्सी कॉलेजातील दरमहा अडीचशे रुपयांची प्रांतिक सेवेतील नोकरी. तेवढ्याच पात्रतेचा इंग्रज वरच्या श्रेणीत आणि कितीतरी अधिक वेतनावर नेमला जाई. या अपमानाचा त्यांनी गाजावाजा केला नाही. १८९६ मध्ये मर्क्युरस नायट्राइटवरील संशोधन प्रसिद्ध झाले. १८९२ मध्ये अल्प भांडवलावर राहत्या घरी सुरू केलेला औषधनिर्मितीचा उद्योग १९०१ मध्ये मर्यादित कंपनी झाला. हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड १९०२ आणि १९०९ मध्ये निघाले. १९१६ मध्ये सरकारी नोकरी संपवून ते नव्या सायन्स कॉलेजात पालित प्राध्यापक म्हणून आले, तेथल्याच एका खोलीत राहू लागले आणि साठी उलटल्यावर आपला सारा पगार विद्यापीठाच्या रसायन विभागाला देऊन मोकळे झाले. हे तपशील अनेकदा सांगितले गेले आहेत.

त्यांच्या सार्वजनिक वृत्तीच्या जडणघडणीत एका महाराष्ट्रीयाचा वाटा होता, हे मात्र आपल्याकडेही फारसे आठवले जात नाही. केंद्रीय विधिमंडळाच्या बैठकांसाठी गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्यात असत तेव्हा राय यांचे घर त्यांच्या शेजारीच होते आणि दोघांचा स्नेह दाट होता. सरकारशी भांडायचे ते अंदाजपत्रकाच्या आकड्यांनी, ही गोखल्यांची रीत. १९०१ च्या अखेरीस गांधीजी महिनाभर गोखल्यांकडे उतरले असता गोखल्यांनीच त्यांची राय यांच्याशी गाठ घालून दिली. आठशे रुपये पगारातले चाळीस स्वतःसाठी ठेवून बाकीचे लोककार्याला देणारा हा अविवाहित प्राध्यापक गांधीजींच्या कायमचा लक्षात राहिला. जानेवारी १९०२ मध्ये कलकत्त्याच्या अल्बर्ट हॉलमध्ये दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या प्रश्नावर गांधीजींचे व्याख्यान ठरवण्यात राय यांचा पुढाकार होता. म्हणजे मवाळांची आकडेमोड आणि गांधीजींची सेवावृत्ती या दोन्हींशी त्यांचा परिचय वीस वर्षांचा झाला होता. १९२१ आणि १९२२ या लागोपाठच्या वर्षांनी दोन्हींची एकदमच परीक्षा घेतली.

पहिला खटका उडाला तो त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात. सुंदरबनला लागून असलेल्या खुलन्याच्या भागात पीक बुडाले होते आणि माणसे पाला, कंदमुळे खाऊन दिवस काढीत होती. सरकारने मात्र दुष्काळ जाहीर केला नाही. हा शब्दांचा खेळ नव्हता. दुष्काळसंहितेनुसार दुष्काळ जाहीर झाला की सरकारवर कामे काढण्याची, अन्न पुरवण्याची, सारा तहकूब करण्याची जबाबदारी येते. जाहीरच झाला नाही तर उपासमार ही ज्याची त्याची खासगी बाब ठरते. राय यांनी वर्तमानपत्रांतून आवाहन केले, निधी उभा केला आणि सरकारी नकारावर लेखणी चालवली. त्या कामाचा थकवा उतरतो न उतरतो तोच उत्तर बंगालची बातमी आली.

१९२२ च्या सप्टेंबरअखेरीस, ऐन दुर्गापूजेच्या तोंडावर, राजशाही आणि बोगरा जिल्ह्यांत आणि लगतच्या पाबन्याच्या भागात काही दिवस अखंड पाऊस कोसळला. हा सारा मुलूख आज बांगलादेशात आहे. आत्राई, छोटी यमुना, नागर, करतोया या येथल्या नद्या. १७८७ च्या महापुरात तिस्ता नदीने आपली वाट बदलून ब्रह्मपुत्रा गाठली, तेव्हापासून त्यांची पात्रे पूर्वीच्या थोरवीच्या मानाने खंगलेली. उत्तरेकडून आलेले पाणी जमिनीच्या मंद उताराने दक्षिणेला आणि आग्नेयेला वाहत जाऊन चलन बिल नावाच्या विस्तीर्ण दलदलीत उतरावे, ही येथली जुनी व्यवस्था. त्या वर्षी पाणी उतरेना. हिवाळ्यात कापणीला येणारे अमन भात शेतात उभे होते, ते पाण्याखाली कुजले. या भागातील घरे बहुतांशी मातीच्या भिंतींची. ती पाण्यात उभी राहणे शक्यच नव्हते, विरघळल्यासारखी खाली बसली. गुरे वाहून गेली आणि जी वाचली त्यांना पेंढा उरला नाही.

पाणी का उतरेना, या प्रश्नाशी येऊन मतभेद पेटला. सरकारच्या दृष्टीने उत्तर सोपे होते. पाऊस अपरंपार पडला आणि निसर्गापुढे कोणाचा इलाज चालत नाही. राय यांचे म्हणणे असे, की पाऊस निसर्गाचा असला तरी पूर रेल्वेचा आहे. सांताहारहून बोगऱ्याकडे जाणारा लोहमार्ग पश्चिमेकडून पूर्वेकडे धावतो, म्हणजे पाण्याच्या नैसर्गिक वाटेला आडवा. तो उंच भरावावर बांधलेला आणि त्या भरावात ठेवलेल्या मोऱ्या व पूल पाण्याच्या मानाने अपुरे. उत्तर बाजूला पाणी धरणासारखे तुंबले, आणि भराव जेथे फुटला तेथून लोंढा खालच्या गावांवर कोसळला. चार वर्षांपूर्वी, १९१८ मध्येही, याच प्रदेशाने पुराचा तडाखा सोसला होता आणि मोऱ्या वाढवा ही गावकऱ्यांची तक्रार जुनीच होती. मोरी वाढवण्याचा खर्च रेल्वेच्या हिशेबात पडतो आणि मोरी नसल्याचा खर्च शेतकऱ्याच्या घरात. राय यांचा रोख या हिशेबावर होता. सरकारच्याच सेवेतील आरोग्य संचालक डॉ. बेंटले हेही भरावांना दोष देत होते. बंगालमधील हिवतापाचा अभ्यास करताना रेल्वे आणि रस्त्यांच्या बांधांनी पाण्याच्या वाटा अडवल्याचे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यामुळे हा आरोप केवळ राष्ट्रवाद्यांचा कांगावा आहे असे म्हणण्याची सोय उरली नव्हती.

पण जाब विचारायचा कोणाला? १९१९ च्या सुधारणांनी बंगालमध्ये द्विदल राज्यपद्धती आणली होती. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे, तर महसूल आणि तिजोरी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राखीव. ईस्टर्न बेंगॉल रेल्वे ही तर प्रांताच्या कक्षेतच नव्हती, ती हिंदुस्थान सरकारची. ज्याने भराव घातला त्याच्यावर पूरग्रस्तांची जबाबदारी नाही, ज्याच्यावर जबाबदारी त्याच्या हाती रेल्वे नाही आणि लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्याच्या हाती दोन्ही नाही, अशी ही चमत्कारिक घडी होती. त्यातच उन्हाळा आणि पूजेचे दिवस दार्जिलिंगच्या थंड हवेत काढण्याची बंगाल सरकारची रीत. तेथे जाणारा लोहमार्ग याच बुडालेल्या प्रदेशातून जात असे. टीकाकारांना याहून सोयीचे चित्र शोधूनही सापडले नसते.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. तगाई कर्जे आणि थोडीबहुत रोख मदत देण्यात आली. पण दुष्काळसंहिता ही अवर्षणाच्या अनुभवातून घडलेली होती. हळूहळू वाढत जाणारी टंचाई, खडी फोडण्याच्या कामावर जो येईल तोच खरा गरजू ही कसोटी, फुकट मदतीविषयीची धास्ती, हे तिचे गृहीत धरलेले जग. एका रात्रीत घर, धान्य आणि बैल गमावलेल्या माणसाला ती कसोटी लावायची म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याची परीक्षा देण्यास सांगण्यासारखे होते. शिवाय हानी किती, यावरच एकमत नव्हते. सरकारी पत्रके ती आटोपशीर दाखवीत आणि प्रत्यक्ष जाऊन आलेले स्वयंसेवक वेगळेच सांगत. राय यांनी येथे शास्त्रज्ञाची शिस्त पाळली. आधी माहिती गोळा करायची, गावोगावचे अहवाल मागवायचे आणि मग बोलायचे.

कलकत्त्यातील निरनिराळ्या संस्थांनी एकत्र येऊन बेंगॉल रिलीफ कमिटी स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद राय यांच्याकडे आले. त्यांचे पहिले यश माणसे निवडण्यात होते. बेंगॉल केमिकलमधील त्यांचे सहकारी सतीशचंद्र दासगुप्त यांनी कारखान्याची व्यवस्था सांभाळावी त्या काटेकोरपणे मदतकार्याची यंत्रणा बसवली. त्यांचे विद्यार्थी मेघनाद साहा तेव्हा खगोलभौतिकीतील संशोधनाने जगभर नावाजले गेले होते. त्यांनी प्रसिद्धीचे काम अंगावर घेतले आणि पुराविषयी लेख लिहिले. सांताहारच्या तळावर काँग्रेसतर्फे पाठवलेला एक पंचवीस वर्षांचा तरुण होता. नुकताच तुरुंगातून सुटलेला आणि त्याआधी आयसीएसचा राजीनामा दिलेला. सुभाषचंद्र बोस यांना मोठ्या संघटनेचा कारभार हाकण्याचा पहिला अनुभव मिळाला तो या चिखलात. चंपारणातल्या गांधीजींच्या कामासारखी ही चळवळ नव्हती. येथे कोणाला कायदा मोडायचा नव्हता, फक्त कपडे, औषधे आणि तांदूळ वेळेवर पोहोचवायचे होते. पण ते वेळेवर पोहोचले, आणि हीच गोष्ट राजकीय ठरली. विलायतेच्या मँचेस्टर गार्डियनच्या वार्ताहरालाही या वृद्ध प्राध्यापकाच्या यंत्रणेची आणि लोकांच्या तिच्यावरील विश्वासाची नोंद घ्यावीशी वाटली.

काळ पाहिला म्हणजे याचे महत्त्व कळते. चौरीचौऱ्यानंतर, फेब्रुवारी १९२२ मध्ये, असहकार थांबवला गेला होता. मार्चमध्ये गांधीजी कैदेत गेले. चित्तरंजन दास विधिमंडळप्रवेशाचा विचार करीत होते आणि काँग्रेस दोन तटांत विभागली जात होती. सरकारशी सहकार करावा की नाही, या वादाला राय यांनी आपल्यापुरते बाजूला सारले. त्यांच्या समितीत असहकारवादी होते, मवाळ होते आणि राजकारणापासून दूर राहणारेही होते. आणखी एक गोष्ट. राजशाही, बोगऱ्याचे शेतकरी बहुसंख्येने मुसलमान, आणि कलकत्त्याहून गेलेले स्वयंसेवक बहुतेक हिंदू मध्यमवर्गातले. जमीनदारही बरेचसे हिंदूच. ही दरी काही आठवड्यांच्या सेवेने बुजणार नव्हती आणि पुढच्या पंचवीस वर्षांनी ते दाखवूनही दिले. तरी ती ओलांडण्याचे जे मोजके प्रामाणिक प्रयत्न झाले त्यांत या कामाची गणना करावी लागेल.

मात्र राय यांच्या यशात एक अडचण दडलेली होती. लोकांनी जितके अधिक दिले, तितके सरकारला कमी देता आले. स्वयंसेवकांनी गावे सावरली की भरावातील मोऱ्यांचा प्रश्न थंड होत जाणार, हेही ओघानेच आले. राय यांच्या टीकेची धार याच कारणाने मदतकार्य संपल्यावरही बोथट झाली नाही. आपली समिती सरकारची जागा घेण्यासाठी नसून सरकारने काय करायला हवे होते ते दाखवण्यासाठी आहे, अशी त्यांची भूमिका दिसते. ती तर्काला धरून होती. व्यवहारात मात्र दरवेळी थैली घेऊन पुढे येणारा नागरिक राज्यकर्त्यांच्या पथ्यावरच पडतो, आणि ते त्या वेळीही घडले.

पूर ओसरल्यावर शेतकऱ्याच्या हाती वर्षभर काम नाही, हे पाहून त्यांनी आत्राई आणि तालोडा या भागांत चरखा केंद्रे उभी केली. आरंभी त्यांना चरख्याविषयी शंका होती. यंत्रांवर औषधे बनवणारा कारखानदार सूतकताईचा पुरस्कर्ता व्हावा, याचे पुष्कळांना नवल वाटले. पण पुराच्या विम्यासारखा, एका पिकावर सारी मदार न ठेवण्याचा उपाय म्हणून त्यांनी तो स्वीकारला होता. या उत्साहाच्या भरात चरख्याबद्दल उदासीन असलेल्या रवींद्रनाथांना त्यांनी जाहीरपणे दोष दिला, तेव्हा १९२५ मध्ये कवींनी चरख्याच्या पंथावर लिहिलेला प्रसिद्ध निबंध या आरोपाचा उल्लेख करूनच सुरू केला. या वादात कवींचा युक्तिवाद अधिक खोल होता. तरी आत्राईच्या काठची भुकेली माणसे पाहून आलेल्या राय यांची घाईही समजण्यासारखी होती. दोघांचा स्नेह टिकला.

पुराच्या कारणांचा शोध सरकारनेही घेतला. अभियंत्यांच्या समितीने पुराचे पाणी अडवून धरणारी खर्चिक तळी बांधण्याची योजना सुचवली होती. ती तपासण्याचे काम प्रेसिडेन्सी कॉलेजातील पदार्थविज्ञानाचे तरुण प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याकडे आले. १८७० ते १९२२ या काळातील पाऊस आणि पूर यांच्या नोंदी पिंजून त्यांनी १९२७ मध्ये अहवाल दिला. पाणी अडवणे निरुपयोगी आहे, गरज आहे ती त्याचा झपाट्याने निचरा होण्याची, हा त्यांचा निष्कर्ष. राय यांनी गावकऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीला सांख्यिकीने असा दुजोरा दिला. १९३० मध्ये इजिप्तमधील धरणांसाठी ख्याती पावलेले सर विल्यम विलकॉक्स यांनी कलकत्ता विद्यापीठातील व्याख्यानांत बंगालच्या बांधांवर आणखी कडक टीका केली, आणि ती सरकारी अभियंत्यांना मुळीच रुचली नाही.

१९३१ मध्ये बंगालला पुन्हा पुराने वेढले. सत्तरीत पोहोचलेल्या राय यांनी पुन्हा झोळी हाती घेतली. या खेपेस संस्थेचे नाव होते संकट त्राण समिती. १९३२ मध्ये आत्मचरित्राचा पहिला खंड निघाला. एका रसायनशास्त्रज्ञाच्या चरित्रात वाचक प्रयोगांची अपेक्षा करतो. येथे त्याला खुलन्याचा दुष्काळ, उत्तर बंगालचा पूर आणि भरावांवरील तक्रारी यांनी भरलेली पाने भेटतात. त्यांत पुनरुक्ती आहे आणि कित्येक ठिकाणी वकिली थाटही आहे. पण सरकारच्या ढिलाईचा असा तपशीलवार पंचनामा करण्यासाठी स्वतःच्या आत्मकथेतील जागा खर्च करणारा शास्त्रज्ञ विरळाच.

जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीचा बांध फुटला. रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड तुटून ऐन महायुद्धात कलकत्त्याचा उत्तर हिंदुस्थानशी संपर्क थांबला. या वेळी सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या समितीत मेघनाद साहांना घेतले. सांताहारच्या पुराने त्यांच्या डोक्यात नद्यांचा जो विषय पेरला होता, त्याला दोन दशकांनी फळ येत होते. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ कायद्याने अस्तित्वात आले, ते या समितीच्या शिफारशींच्या वाटेने. गुरूने पाण्याला वाट द्या म्हटले होते आणि शिष्य धरणांकडे वळला, हा फरकही नोंदवायला हवा. तो पुढे बंगालमध्ये पुष्कळ वादाचा झाला.

हे पाहायला राय नव्हते. १९४३ च्या भीषण दुष्काळात बंगालची लाखो माणसे मेली आणि पुन्हा एकदा सरकारने दुष्काळ अधिकृतपणे जाहीर केला नाही. खुलन्याच्या वेळी हाच मुद्दा हिरिरीने मांडणारा हा माणूस तोवर ब्याऐंशी वर्षांचा, थकलेला होता. १६ जून १९४४ रोजी सायन्स कॉलेजमधील आपल्या खोलीतच त्यांनी देह ठेवला. तीन वर्षांनी फाळणी झाली. राजशाही, बोगरा, पाबना आणि त्यांचे राडुली हे गावही सीमेपलीकडे गेले. सांताहार जंक्शन आजही त्या मार्गावर उभे आहे.